गळती थांबली, तरी इंजिन का तापते?

दिल्लीचा ज्येष्ठ महिना माणसांची जशी परीक्षा पाहतो, तशीच यंत्रांचीही पाहतो. भर दुपारी धौला कुआँ, आश्रम चौक किंवा आयटीओ येथे वाहनांच्या रांगा लागलेल्या असतात. वरून ऊन, खालून तापलेले डांबर आणि पुढच्या गाडीतून येणारा गरम झोत, ह्यांच्यामध्ये प्रत्येक गाडीचे इंजिन जागच्या जागी फिरत असते. अशा वेळी एखाद्या गाडीचे बॉनेट उघडलेले दिसते, आतून वाफेचा लोट निघत असतो आणि कडेला एखादे कुटुंब लहान मुलांच्या डोक्यावर ओढणी धरून उभे असते. चौकशी केली तर कित्येकदा एकच उत्तर मिळते: “पाणी गळत होते, परवाच दुरुस्त करून आणली, आणि आज पुन्हा तापली!”

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, फरीदाबाद आणि गाझियाबाद ह्या परिसरात मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. त्याचे कारण बहुधा असे, की गळती बंद करणे आणि इंजिन थंड ठेवणारी व्यवस्था पुन्हा कार्यक्षम करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले झाले की दुसरे आपोआप झाले, अशी आपली समजूत असते. त्या समजुतीपायी शेकडो रुपयांत भागणारे काम हजारोंवर जाते, आणि प्रसंगी इंजिनच निकामी होते. ही दोन कामे वेगळी का, आणि दुसरे काम पुरे झाले की नाही हे घरच्या माणसाने कसे ओळखावे, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे.

उष्णतेचे ओझे

पेट्रोल जाळून इंजिन जी उष्णता निर्माण करते, तिच्यापैकी स्थूलमानाने एक तृतीयांशच चाके फिरवण्याच्या कामी येते. साधारण तितकीच उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. हा शेवटचा वाटा सतत बाहेर नेऊन टाकला नाही, तर थोड्याच वेळात धातू वाकडा होऊ लागतो.

मोटारगाडीच्या बाल्यावस्थेत ही उष्णता पाण्याची वाफ करूनच घालवीत असत. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ ह्या धाडसी स्त्रीने आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइम ते फोर्त्सहाइम असा सुमारे १०० किलोमीटरांचा मोटारप्रवास केला, तेव्हा तिला वाटेत वारंवार पाणी भरावे लागले होते. पुढे विल्हेल्म मायबाख ह्या अभियंत्याने १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. वारा लागण्यास इतकी जागा मिळाल्यामुळे पूर्वी जेथे १८ लिटर पाणी लागे, तेथे ९ लिटर पुरू लागले. आजच्या गाड्यांतील रेडिएटर हा त्याचाच वंशज आहे.

आधुनिक गाडीत हे द्रव बंदिस्त मार्गाने फिरत राहते. वॉटर पंप त्याला इंजिनाच्या भिंतींमधून ढकलतो. तेथे ते तापते, वरच्या रबरी होज पाइपाने रेडिएटरमध्ये येते, वाऱ्याने निवते आणि खालच्या होज पाइपाने परत इंजिनाकडे जाते. ही फेरी नीट चालावी म्हणून तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मार्ग द्रवाने पूर्ण भरलेला असावा, त्यात योग्य दाब टिकावा आणि प्रवाह कोठे अडू नये. गळतीमुळे ह्या तिन्ही गोष्टी बिघडतात. दुरुस्ती करणारा मात्र पुष्कळदा केवळ छिद्र बुजवतो. बाकीचे काम तसेच राहते.

आत शिरलेली हवा

द्रव बाहेर गेले की त्याची जागा हवा घेते. दुरुस्तीनंतर वरून द्रव ओतले, झाकणापर्यंत आले, म्हणजे सगळे भरले असे वाटते. परंतु इंजिनाच्या आतील मार्ग वळणावळणाचा असल्यामुळे उंचवट्याच्या जागी हवेचे बुडबुडे अडकून राहतात. अरुंद तोंडाची बाटली घाईने भरताना गटगट असा आवाज होऊन वरून पाणी सांडते, पण बाटली पुरती भरलेली नसते, तशातलाच हा प्रकार. गॅरेजमध्ये ह्याला ‘एअर धरणे’ म्हणतात.

ही हवा दोन प्रकारे अपाय करते. धातूकडून उष्णता उचलण्याची शक्ती द्रवात जितकी असते, तितकी हवेत नसते. म्हणून जेथे बुडबुडा अडकला असेल तेथे धातू एकदम तापतो. दुसरे असे, की तापमान मोजणारा संवेदक, म्हणजे सेन्सर, नेमका त्या बुडबुड्यात सापडला तर त्याला खरे तापमान कळतच नाही. मग पंखा वेळेवर सुरू होत नाही आणि डॅशबोर्डावरचा काटाही विश्वासार्ह राहत नाही.

आत हवा अडकल्याची लक्षणे ओळखण्यास अवघड नाहीत. काटा एकदम वर चढतो आणि काही क्षणांत आपोआप खाली येतो. डॅशबोर्डामागून पाणी वाहत असल्यासारखा खळखळाट ऐकू येतो. इंजिन तापलेले असूनही हीटर लावला तर थंड वारा येतो, कारण हीटरची छोटी जाळीही ह्याच मार्गावर असते आणि तिच्यात द्रवाऐवजी हवा असते. ह्यांपैकी एखादे लक्षण दुरुस्तीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसले, तर नवा भाग विकत घेण्याआधी हवा काढून घेणे हाच पहिला उपाय होय.

हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करावे. गाडीचे तोंड चढावर येईल अशी ती उभी करून हँडब्रेक लावावा आणि चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत. हीटरचे बटण सर्वांत गरम खुणेवर ठेवावे. झाकण काढून द्रव सावकाश ओतावे आणि वरचा होज पाइप हाताने हलके दाबून सोडावा, म्हणजे बुडबुडे वर येतात. काही गाड्यांत हवा सोडण्यासाठी स्वतंत्र स्क्रू दिलेला असतो. तो असल्यास त्यातून बुडबुड्यांविना सलग धार येईपर्यंत सैल ठेवावा. त्यानंतर इंजिन संथ गतीने चालू करावे, पातळी खाली जाईल तसे द्रव घालत राहावे, आणि ते तापून वर चढू लागण्यापूर्वीच झाकण घट्ट लावून टाकावे. पंखा एक-दोन वेळा सुरू होऊन बंद झाला, की इंजिन थांबवून गाडी पूर्ण निवू द्यावी आणि मगच पातळी पुन्हा पाहावी. बहुधा थोडी भर घालावी लागते. पुढील तीन-चार दिवस रोज सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, हीच पाहणी करावी. पातळी स्थिर राहिली तर हवा निघाली असे समजावे. ती रोज घसरत असेल, तर गळती अजून कोठेतरी आहे.

गाडीगाडीत थोडा फरक असतो. म्हणून ह्या कामापूर्वी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका अवश्य वाचावी. काही नव्या गाड्यांमध्ये यंत्राने आतील हवा शोषून घेऊन द्रव भरावे लागते. ते काम कार्यशाळेवरच सोपवणे बरे.

छोटे झाकण, मोठी जबाबदारी

स्वयंपाकघरातील कुकर ज्या गृहिणीने वर्षानुवर्षे हाताळला आहे, तिला रेडिएटरच्या झाकणाचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. कुकरमध्ये दाब वाढला की तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता राहते, आणि म्हणून डाळ लवकर शिजते. रेडिएटरचे झाकण हेच करते. त्यावर ०.९ किंवा १.१ असा एखादा आकडा छापलेला असतो. तो दाबाचा निदर्शक होय. ०.९ च्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही.

कुकरची रबरी रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही आणि वाफ कडेने निसटत राहते. तसेच झाकणाचे रबर कडक झाले वा स्प्रिंग ढिली पडली, की दाब टिकत नाही. द्रव लवकर उकळू लागते आणि उतू जाऊन बाहेर पडते. गळती नसतानाही पाणी कमी होण्याचे हे एक अगदी सामान्य कारण आहे. झाकणाला आणखी एक छोटा पडदा असतो. इंजिन निवताना आतील द्रव आकुंचन पावते, तेव्हा तो पडदा उघडून बाजूच्या बाटलीतील द्रव परत आत येऊ देतो. तो चिकटून बसला तर गाडी थंड झाल्यावर होज पाइप आत ओढला जाऊन चपटा झालेला दिसतो. अशा वेळी नवा पाइप घालून उपयोग नाही. झाकणच बदलले पाहिजे. मात्र जुन्या झाकणावर जो आकडा असेल, त्याच आकड्याचे नवे घ्यावे. जास्त दाबाचे झाकण घातले तर दुबळ्या जोडांवर नको तितका ताण येतो.

दुरुस्ती खरोखर झाली आहे की नाही, ह्याची कसोटीही दाबानेच घ्यावी. चांगल्या कार्यशाळेत त्यासाठी दाबमापक लावलेला हातपंप असतो. इंजिन थंड असताना तो रेडिएटरच्या तोंडावर बसवून झाकणावरील आकड्याइतका दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटे थांबतात. काटा स्थिर राहिला तर गळती नाही. तो हळूहळू उतरला, तर द्रव कोठून पाझरते ते शोधावे. पुढच्या बैठकीखालचा गालिचा ओला होणे, गाडीत गोडसर वास येणे आणि काचेवर आतून तेलकट धुके धरणे, ही हीटरच्या जाळीतील गळतीची खूण आहे. उलट, उन्हाळ्यात वातानुकूलन चालू असताना गाडीखाली स्वच्छ, बिनवासाचे पाणी ठिबकते, ते नैसर्गिक असून त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

गाडी केव्हा तापते?

वैद्य जसा ताप सकाळी येतो की संध्याकाळी असे विचारतो, तसे मोटारीच्या बाबतीत ‘ती केव्हा तापते’ हे विचारावे. ह्या एका प्रश्नाने अर्धे निदान होते.

चौकात उभी असताना तापते आणि चालू लागली की निवते, असे असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. धावत्या गाडीला समोरचा वारा मिळतो; उभ्या गाडीला पंख्याखेरीज आधार नाही. जुन्या अँबॅसडर गाडीत पंखा पट्ट्याच्या योगाने इंजिनावरच फिरत असे. डिसेंबर १९८३ मध्ये गुरुग्रामच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली, तिच्यात इंजिन आडवे बसवलेले असल्याने पंखा विजेवर चालणारा होता. ह्या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, परंतु विजेचा पंखा आज बहुतेक सर्व छोट्या गाड्यांत आहे. त्याचा फ्यूज, रिले, सेन्सर, मोटर ह्यांपैकी काहीही बिघडले तरी गाडी चौकातच तापते.

गळतीच्या दुरुस्तीसाठी रेडिएटर काढला असेल, तर ह्या पंख्याकडे विशेष लक्ष द्यावे. कित्येकदा त्याचा प्लग जोडायचा राहून जातो, कधी तारा उलट जोडल्या जातात आणि पंखा उलट दिशेने वारा फेकतो, तर कधी त्याच्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण परत बसवलेलेच नसते. परीक्षा सोपी आहे. गाडी उभी असताना वातानुकूलन चालू करावे. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरू लागतो. पंखा रेडिएटरच्या मागे असेल, तर पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरल्यास तो आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला गेला तर दिशा उलट आहे. पंख्याजवळ बोटे किंवा ओढणीचे टोक नेऊ नये. इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो.

उलटपक्षी, चौकात ठीक चालणारी गाडी यमुना एक्स्प्रेसवेवर आग्र्याच्या वाटेला लागली की तापते, किंवा जयपूरच्या महामार्गावर वेग घेतला की काटा चढतो, असे असेल तर पंखा निर्दोष मानावा. तेथे वाऱ्याला तोटा नाही. द्रवाचा प्रवाह अपुरा पडत आहे. रेडिएटर आतून चोंदलेला असणे, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणे, वॉटर पंपाचा पट्टा घसरणे वा त्याची पाती झिजणे ही त्याची कारणे असू शकतात. पूर्वी खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात गाड्या मध्येच निववाव्या लागत, तेथेही हाच न्याय होता. चढावर इंजिन अधिक उष्णता निर्माण करते आणि दुबळी व्यवस्था उघडी पडते.

दिल्लीच्या परिसरात आणखी एक कारण संभवते. उन्हाळ्यातील धुळीची वादळे, बांधकामांची धूळ आणि कापसासारखे तंतू हे सारे वातानुकूलनाची जाळी आणि रेडिएटर ह्यांच्यामधल्या फटीत जाऊन बसते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, पण आत वारा जाण्यास वाट नसते. रेडिएटर काढण्याची वेळ आलीच असेल, तर दोन्ही जाळ्या सौम्य धारेने, मागून पुढे, धुऊन घ्याव्या. जोराची धार मारल्यास नाजूक पाती दुमडतात.

थर्मोस्टॅट काढून टाकावा काय?

थर्मोस्टॅट हा मेणाच्या गुटिकेवर चालणारा एक दरवाजा असतो. इंजिन थंड असेतोवर तो बंद राहतो आणि द्रवाला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगते व दरवाजा उघडतो. गाडी तापते अशी तक्रार नेली, की पुष्कळ मेकॅनिक हा ‘व्हॉल्व्ह’ काढून फेकून देतात आणि म्हणतात, “आपल्या हवेत ह्याची गरजच काय?”

हा सल्ला मानू नये. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन आपल्या योग्य उष्णतेला लवकर पोहोचत नाही, पेट्रोल अधिक जळते आणि तेलातील ओलावा नीट उडून जात नाही. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतील आडवाट बंद करीत असतो. तो काढला तर तापलेले द्रव रेडिएटरला वळसा घालून तसेच फिरत राहते, आणि गाडी निवण्याऐवजी अधिकच तापते. ह्यालाच आगीतून फुफाट्यात पडणे म्हणतात.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरच्या शेगडीवरही होते. एका जुन्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने टांगावा, शेजारी उच्च तापमान दाखवणारा तापमापक धरावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला आणि पाणी निवताना पुन्हा मिटला, तर तो चांगला आहे. ते पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

काटा खरा की खोटा?

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्रावर ५२.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि देशभर खळबळ उडाली. त्याच दिवशी सफदरजंग येथे ४६.८ अंश नोंदले गेले होते. हवामान खात्याने तपासणी केली, तेव्हा मुंगेशपूरचा संवेदक सुमारे तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे आढळून आले. उन्हाळा खोटा नव्हता, परंतु आकडा खोटा होता.

मोटारीतही असे घडते. सेन्सरचा प्लग गंजला, तार सैल झाली किंवा दुरुस्तीत चुकीचा सेन्सर बसवला गेला, की काटा वर जातो आणि इंजिन मात्र प्रत्यक्षात योग्य उष्णतेवर असते. म्हणून एखादा मोठा भाग बदलण्यापूर्वी संगणकी स्कॅनरने वा दुरून उष्णता मोजणाऱ्या उपकरणाने काट्याचे म्हणणे पडताळून घेण्यास सांगावे. तथापि हा पडताळा गाडी थांबवल्यानंतर करावयाचा आहे. रस्त्यावर असताना काटा खराच आहे असे धरून चालावे; त्याच्यावर अविश्वास दाखवून पुढे गेल्यास त्याची किंमत इंजिनाला मोजावी लागते.

पाणी की कूलंट?

“दिल्लीत पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला?” असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. कूलंटमधील ग्लायकॉलमुळे गोठणबिंदू खाली जातो हे खरे, पण त्याचा उत्कलनबिंदूही वर जातो. समप्रमाणात पाणी मिसळलेले कूलंट उघड्या भांड्यातही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्यातील द्रव्ये ॲल्युमिनियम आणि लोखंड ह्यांना गंजू देत नाहीत, आणि पंपाच्या सीलचे रक्षण करतात.

गळती लागल्यावर वाटेत मिळेल ते पाणी भरले जाते, आणि संकटात ते क्षम्य आहे. परंतु दिल्लीच्या आसपासच्या अनेक वस्त्यांत बोअरचे पाणी जड, आणि काही ठिकाणी खारट असते. बादलीच्या कडेला आणि गीझरच्या कांडीवर जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या सुईएवढ्या नळ्यांत धरला तर काय होईल, ह्याची कल्पना करावी. म्हणून दुरुस्तीनंतर ते पाणी पूर्ण काढून टाकून, मार्ग धुऊन, निर्मात्याने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट भरावे. तीव्र कूलंट असेल तर त्यात निःक्षार पाणी मिसळावे. ‘तयार’ कूलंटमध्ये आणखी पाणी घालू नये. हिरवा, लाल, निळा ह्या रंगांवरून प्रकार ठरवू नये, कारण रंगांचा सर्वमान्य नियम नाही. डब्यावरील मजकूर आणि गाडीची पुस्तिका हेच प्रमाण मानावे.

बारीक छिद्र बुजवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती जुन्या चालकांना ठाऊक आहे. आडरानात तिने कोणाची वेळ निभावली असेलही. पण जी हळद छिद्र बुजवते, तीच हीटरच्या जाळीतील चांगल्या नळ्याही बुजवू शकते. बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक चूर्णांविषयीही तीच सावधगिरी बाळगावी. दुरुस्तीपूर्वी असे काही टाकले असेल, तर ते मेकॅनिकला आठवणीने सांगावे.

कूलंट विषारी असते, पण त्याची चव गोडसर असते. जमिनीवर सांडलेले द्रव ताबडतोब पुसून व धुऊन काढावे, आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. गल्लीतील कुत्री-मांजरे हे पाणी चाटून दगावतात.

जेव्हा रोग खोल असतो

वर सांगितलेले सर्व करूनही गाडी तापत असेल, तर गळतीच्या काळात ती एकदा अति तापून तिची हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या माथ्याखालील पत्री, जळली असण्याचा संभव असतो. थंड इंजिन सुरू करताच अल्पावधीत वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणे, टाकीत बुडबुडे अखंड येत राहणे, धुरात गोडसर वासाची पांढरी वाफ असणे, तेलाला दुधाळ रंग येणे आणि कोठेही ओल न दिसता द्रव घटत जाणे, ही त्याची लक्षणे आहेत. ह्यांपैकी दोन-तीन एकत्र दिसली तर गाडी चालवणे थांबवावे. कार्यशाळेत एका रंगीत द्रावाने टाकीतील वायूची परीक्षा करता येते. जळलेला वायू असल्यास त्या द्रावाचा रंग पालटतो. ह्या परीक्षेपूर्वी इंजिन खोलण्यास संमती देऊ नये.

काश्मीरी गेटच्या बाजारात मोटारीचा जवळजवळ प्रत्येक भाग मिळतो, आणि म्हणूनच येथे एकामागून एक भाग बदलून पाहण्याचा मोह फार होतो. आज थर्मोस्टॅट, उद्या पंप, परवा रेडिएटर! आपल्याकडे म्हणच आहे, की रोग म्हशीला आणि औषध पखालीला. क्रम ठरवून तपासणी केली तर हा खर्च टळतो. आधी पातळी व हवा, मग झाकण व दाब, त्यानंतर पंखा, पुढे थर्मोस्टॅट व पंप, त्यानंतर रेडिएटर आणि सर्वांत शेवटी गॅस्केट असा हा स्वस्ताकडून महागाकडे जाणारा क्रम आहे.

रस्त्यात काटा चढला तर

प्रथम वातानुकूलन बंद करावे आणि हीटर पूर्ण गरम करून पंखा मोठा ठेवावा. आत बसलेल्यांना त्रास होईल, परंतु इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडेल. धोक्याचे दिवे लावून गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी. काटा लाल खुणेला टेकला असेल, किंवा वाफ दिसत असेल, तर इंजिन बंद करावे. ‘पेट्रोल पंप जवळच आहे, तेवढे जाऊ’ हा विचार मनात आणू नये. त्या दोन किलोमीटरांत इंजिनाचा माथा वाकडा होऊ शकतो. मुले आणि वृद्ध ह्यांना सावलीत, रहदारीपासून दूर बसवावे आणि त्यांना पाणी द्यावे.

गरम झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. कुकरचे झाकण वाफ असताना उघडल्यास जे होते, तेच येथे होते. शंभर अंशांहून अधिक तापलेले द्रव तोंडावर व हातावर उसळते आणि गंभीर भाजते. ओला कपडा टाकून उघडण्याचा प्रकारही तितकाच धोक्याचा आहे. किमान अर्धा तास, आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात त्याहूनही अधिक वेळ थांबावे. होज पाइप हाताला कोमट लागू लागला, की मगच पातळी पाहावी. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, कारण एकाएकी आकुंचन पावून धातूला तडा जाऊ शकतो.

ह्या सर्व ज्ञानासाठी घरातील प्रत्येकाने मेकॅनिक होण्याची आवश्यकता नाही. गाडी दुरुस्तीहून परत घेताना चार प्रश्न विचारले तरी पुरे: गळती नेमकी कोठे होती? दाब भरून पाहिला का? एअर काढली का? कोणते कूलंट, किती भरले? जो कारागीर ह्या चारही प्रश्नांची सरळ उत्तरे देतो, त्याचे काम बहुधा चोख असते. ती उत्तरे तारखेसह एका वहीत लिहून ठेवावी, आणि पुढील आठवडाभर रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी बाटलीतील पातळी पाहावी. एवढे एक मिनिट दिले, तर भर उन्हात मुलाबाळांसह रस्त्याच्या कडेला उभे राहण्याचा प्रसंग पुष्कळदा टाळता येईल.